अंबादासरावांची बिजली

अंबादासराव कदमांना मोटारीचा हॉर्न वाजवलेला खपत नसे. ‘ज्याचा ब्रेकवर भरवसा नाही तो हॉर्न वाजवतो,’ असं ते म्हणायचे. तलावाच्या बांधावरच्या रस्त्यानं, टँकबंडावरून, जाताना समोर सायकलवाला येवो, टांगा येवो, म्हशींचा कळप येवो, त्यांचा हात हॉर्नकडे जायचा नाही. गाडी अलगद हळू व्हायची, वाट मोकळी झाली की पुन्हा वेग घ्यायची. शेजारी बसलेल्या माणसानं मात्र दोन्ही पाय खालच्या फळीत रोवलेले असायचे. त्या पायांकडे तिरक्या नजरेनं बघून ते म्हणायचे, “वसंता, कामून घाबरतो? मी आहे की.”

‘मी आहे की’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहेत की आजही कुणी ते सहज बोलून गेलं तर मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहतो.

मी तेव्हा हैदराबादला सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. नांदेडकडच्या खेड्यातून आलेलो, बरकतपुऱ्यात एका खोलीत राहायचो. अंबादासराव त्याच खात्यात गाड्यांचं काम पाहायचे. कुठली जीप दौऱ्यावर, कुठली दुरुस्तीला, कुठल्या साहेबाला कुठली, हे सगळं त्यांच्या हातात. ते परभणीकडच्या शेतकरी घरातले. शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच ‘लेकिन’ आणि ‘बिल्कुल’ यायचं. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे. खात्यातले आम्ही सगळे मराठी लोक त्यांना दादा म्हणायचो. कुणाला खोली हवी असली, कुणाच्या पोराला शाळेत घालायचं असलं, कुणाची बदली अडली असली, की दादा. आणि दादांचं उत्तर ठरलेलं.

ऑफिसात शेरवानी घालायचे. रविवारी मात्र पांढरी पँट आणि पांढरा शर्ट, आणि तेच कपडे घालून ते गाडीखाली शिरायचे. बाहेर आले की कपड्यांवर एक डाग नसायचा. हे त्यांना कसं जमायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या घरी सुशीलावहिनी म्हणायच्या की यांच्या अंगाला काही लागतच नाही. त्या कौतुकानं म्हणायच्या.

जहागिऱ्या नुकत्याच बरखास्त झाल्या होत्या. नवाबांच्या देवड्या, म्हणजे त्या मोठमोठ्या हवेल्या, एकेक करून रिकाम्या होत होत्या. गालिचे, झुंबरं, आरसे विकले जात होते, आणि मागच्या आवारात चाकं जमिनीत रुतून बसलेल्या परदेशी मोटारी उभ्या होत्या. कुणाला त्यांचं ओझं झालेलं. कोंबड्या आत अंडी घालायच्या. दादांचं या गाड्यांवर मन बसलं. खेड्यात बैल निवडणारा माणूस जसा आधी दुरून बघतो, मग दात बघतो, मग पाठीवर हात ठेवतो, तसं ते गाडीशी करायचे. घासाघीस वगैरे शेवटी. आधी बॉनेटवर कान टेकवून डोळे मिटायचे. बंद पडलेल्या गाडीत त्यांना काय ऐकू यायचं कोण जाणे.

कंपनीचं नाव ते कधी घेत नसत. गाडी आपल्याकडे आली की तिला नवीन नाव मिळायचं. पहिली उंच, उघडी, जुन्या जमान्यातली, तिचं नाव आजीबाई. दुसरी आली ती बेगम.

बेगम युसूफभाईंमुळे आली. युसूफभाई वीस वर्षं एका देवडीवर ड्रायव्हर होते. देवडी मोडली तेव्हा तिथल्या बेगमसाहेबांनी त्यांना अंबरपेठेत जमिनीचा एक तुकडा दिला होता. त्यावर त्यांनी पत्र्याचं शेड घातलं आणि दुरुस्तीचं काम सुरू केलं. दादांची आणि त्यांची गाठ सरकारी जीपच्या निमित्तानं पडली. ठेंगणे, मेंदी लावलेली दाढी, बोलणं अगदी कमी. दादा बोलायचे आणि युसूफभाई ‘हौ’ म्हणायचे, अशी ती मैत्री.

वीस वर्षं जी गाडी त्यांनी चालवली ती देवडीच्या मागं उभी होती. मोठी, काळी, मागच्या काचांना मखमली पडदे. युसूफभाईंच्या शब्दावर बेगमसाहेब ती द्यायला तयार झाल्या. त्या दिवशी दादांनी मलाही बरोबर नेलं होतं. बेगमसाहेब चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. आवाज थकलेला पण स्वच्छ. त्यांनी एकच विचारलं की गाडी मोडून तिचे सुटे भाग तर विकणार नाही ना. दादांनी छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, “बेगमसाहेबा, ये हमारे घर में बेटी की तरह रहेगी.” थोड्या वेळानं एका बाईनं चाव्या आणून युसूफभाईंच्या हातात दिल्या. दादांच्या नाही, युसूफभाईंच्या.

वर्षभर बेगम खरोखर मुलीसारखी राहिली. हैदराबादेतल्या कितीतरी मराठी लग्नांत नवरानवरी तिच्यातून मिरवली. दादा दर रविवारी संध्याकाळी आजीबाई आणि बेगम टँकबंडावर न्यायचे. एक स्वतः चालवायचे, एक युसूफभाई. बंडाच्या मध्यावर गाड्या उभ्या करून बॉनेट उघडायचे. बघे जमले की हळूच मागं सरकून स्वतःच गर्दीत जाऊन उभे राहायचे आणि शेजारच्या माणसाला विचारायचे, “कुणाची आहे हो ही गाडी?” लोक वाट्टेल ते सांगायचे. कुणी म्हणायचं निजामाच्या पागेतली आहे, कुणी म्हणायचं एका सिनेमावाल्याची. दादा मान हलवून ऐकायचे. घरी आल्यावर ती सगळी उत्तरं वहिनींना सांगून पोट धरून हसायचे. त्यांचा मोठेपणाचा सोस असा लोभस होता. आम्ही त्यात आनंदानं सामील व्हायचो.

मग त्यांच्या मनात बिजली आली.

सिकंदराबादच्या छावणीत लष्कराचं जुनं सामान निकालात निघायचं. तिथं त्यांना एका अवजड लष्करी ट्रकची दोन इंजिनं मिळाली. एक चालू, एक सुट्या भागांसाठी. असलं इंजिन हलक्या, ठेंगण्या, दोनच माणसं बसतील अशा गाडीत घातलं तर काय होईल, या एका विचारानं त्यांना झपाटलं. परदेशी मासिकांत त्यांनी तशा गाड्यांचे फोटो पाहिले होते. छप्पर कापलेलं, मडगार्ड काढलेले, धुराच्या नळ्या बाजूनं बाहेर आलेल्या. मला म्हणाले, “वसंता, तू पूल काढतो, बिल्डिंगा काढतो. मला एक गाडी काढून दे.” मी काढली. नाक लांब, पाठ उतरती. आयुष्यात इतकं मन लावून दुसरं काही काढलं नसेल. दादांनी तो कागद शेडच्या भिंतीवर लावला आणि महिनाभर त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले की याला शोभेल अशी साटी, म्हणजे खालचा सांगाडा, एकच आहे. बेगमची.

युसूफभाई दोन-तीन दिवस शेडवरच आले नाहीत. दादांनी मला समजावलं की गाडी आपण विकत नाही, मोडतही नाही, तिला नवा जन्म देतोय, बेगमसाहेबांना दिलेला शब्द तसा पाळलाच जातोय. ते इतकं पटवून सांगायचे की ऐकताना खरंच वाटायचं. चौथ्या दिवशी युसूफभाई आले, करवत हातात घेऊन. दादा सुताराला आणि लोहाराला निरोप धाडणार होते. युसूफभाई म्हणाले, “काटना है तो मैं काटूंगा. दूसरे का हाथ नक्को.” त्यांनी आधी मखमली पडदे उतरवले, झटकले, घडी करून घरी पाठवले. मग छप्पर कापायला बसले.

बिजली तयार व्हायला दोनेक वर्षं लागली. आमचे सगळे रविवार आणि सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. ट्रकचं इंजिन इतकं लांब की रेडिएटर पुढं ढकलावा लागला आणि पायाकडचा पत्रा मागं. युसूफभाईंनी कितीतरी भाग कानशीनं घासून घासून जुळवले. मी रंग सुचवला, मोरपिशी. पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा शेडचे पत्रे थरथरायला लागले आणि अंबरपेठेतली माणसं रस्त्यावर आली. काचीगुड्यापर्यंत आवाज गेला असं नंतर लोक सांगायचे.

सिकंदराबादच्या एका मेजरकडे छोटी इंग्रजी स्पोर्ट्स कार होती. त्यानं टँकबंडावर बिजली पाहिली, हसला आणि म्हणाला की ट्रकला साडी नेसवली म्हणून ती नाचत नाही. पुढच्या रविवारी सकाळी शामीरपेठच्या रस्त्यावर शर्यत ठरली. मी आणि युसूफभाई शेवटच्या खुणेपाशी उभे होतो. आधी आवाज ऐकू आला, मग धूळ दिसली, मग त्या धुळीतून ते मोरपिशी नाक बाहेर आलं. मेजर बराच मागं होता. दादा उतरले. मेजरनं हात पुढं केला तर दादांनी त्याचा हात धरून तो युसूफभाईंच्या हातात दिला. म्हणाले की गाडी यांची, चित्र या वसंताचं, मी आपला पाय ठेवून बसलो होतो. येताना बिजली युसूफभाईंना चालवायला दिली आणि स्वतः माझ्याबरोबर आजीबाईत बसले. त्या दिवशी मला वाटलं, या माणसासाठी आपण काहीही करू.

तोवर राज्यांच्या पुनर्रचनेचं बोलणं कानाकोपऱ्यात पोचलं होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, तेलंगण आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसुरात. खात्यात प्रत्येकाला विचारलं गेलं की इथं राहणार की तिकडं जाणार. मराठी लोकांत रोज चर्चा. इथं पुढं तेलुगूत काम चालेल, आपल्या पोरांचं काय होईल, तिकडं बढती मिळेल का, घरं मिळतील का. माझे वडील नांदेडहून निरोपावर निरोप पाठवत होते की गावाजवळ ये. युसूफभाईंची सासुरवाडी औरंगाबादची. मेहुण्याचं तिथं मोठं गॅरेज होतं आणि तो त्यांना भागीदारीत बोलवत होता.

एका रविवारी दादांनी आम्हा दोघांना बिजलीच्या पुढं, जमिनीवर पोतं टाकून बसवलं. चहा मागवला. म्हणाले, “हे बघा, मी कुठं जात नाही. हैदराबाद माझं आहे, गाड्या इथल्या आहेत, माणसं इथली आहेत. वसंता, तिकडं जाऊन तू कुणाचा? इथं मी आहे की. युसूफभाई, तुम्ही गेलात तर हिला हात कोण लावणार?”

युसूफभाई ‘हौ’ म्हणाले. त्यांनी मेहुण्याला नाही कळवलं. मी वडिलांना नाही कळवलं. माझ्या बायकोनं तेवढं विचारलं की दादांचं नक्की आहे ना. मी तिच्यावर रागावलो.

त्याच सुमारास मुंबईहून एक मोठे साहेब आले. माणसांच्या वाटणीचं काम त्यांच्याकडे होतं. दादा त्यांना गाडी-घोडा पुरवायचे. साहेबांनी बिजलीबद्दल ऐकलं आणि तिच्यातून फिरायची इच्छा दाखवली. त्या रविवारी दादांनी त्यांना टँकबंडावर नेलं. मी बघायला गेलो होतो. बॉनेट उघडलं, गर्दी जमली, पण दादा गर्दीत जाऊन उभे राहिले नाहीत. ते साहेबांच्या शेजारीच उभे होते, दार उघडून धरत होते, हातातला रुमाल आसनावर फिरवत होते. मला तेव्हा वाटलं, आज मोठा माणूस आहे, म्हणून असेल.

पुढच्या आठवड्यात दादा म्हणाले की गाडीला एकदा लांबचा रस्ता दाखवून आणतो. एकटेच सोलापूरकडे गेले. आले ते रेल्वेनं. शेडमध्ये येऊन त्यांनी सांगितलं की सोलापूरच्या अलीकडे क्रँकशाफ्ट गेला, म्हणजे इंजिनाचा कणाच मोडला, गाडी तिथल्या एका गॅरेजात ओढून ठेवली आहे.

युसूफभाईंचा चेहरा उतरला. मग ते कोपऱ्यात गेले. सुट्या भागांसाठी ठेवलेलं दुसरं इंजिन त्यांनी तिथल्या तिथं उघडायला घेतलं. म्हणाले की याचा क्रँक काढतो, घेऊन जातो, बसवून गाडी चालवत आणतो. दादा म्हणाले की घाई कशाला, पुढं बघू. युसूफभाई म्हणाले की ती परक्यांच्या हातात राहायला नको. पोलादाचं ते धूड दोन माणसांनी उचलायचं. ते पोत्यात बांधताना त्यांनी विचारलं की गॅरेज नेमकं कुठं.

मी तिथंच होतो. दादा क्षणभर थांबले. मला अजून तो क्षण दिसतो. त्या क्षणात ते काहीही बोलू शकले असते. त्यांनी सांगितलं की स्टेशनसमोर उजव्या हाताला गल्ली आहे, पुढं पिंपळ आहे, पिंपळाच्या मागं निळं फाटक. इतकं नीट सांगितलं की युसूफभाईंनी पुन्हा विचारलं नाही.

युसूफभाई सोलापूरला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी दादांच्या घरी गेलो. सहजच. दारात बांधलेल्या ट्रंका होत्या. वहिनी भांडी गवतात गुंडाळून खोक्यात ठेवत होत्या. मला बघून हसल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, “या भाऊजी. तुमचं बांधून झालं का?”

“कशाचं?”

“सामानाचं. आपण बरोबरच निघणार ना औरंगाबादला? हे म्हणाले, वसंताचंही मी करून टाकलं.”

मी दारातच उभा राहिलो. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्या हळू आवाजात म्हणाल्या की साहेबांना गाडी फार आवडली, यांनी ती त्यांना सोलापुरात नेऊन दिली, म्हणून तर इतक्या चांगल्या जागेवर नेमणूक झाली. मग म्हणाल्या, “तुम्हाला ठाऊक नव्हतं?” आणि आत निघून गेल्या. खोकं अर्धं भरलेलं तिथंच राहिलं.

दादा आले तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी मला पाहिलं, दारातल्या ट्रंकांकडे पाहिलं आणि शेजारी येऊन बसले. रागावले नाहीत, ओशाळलेही नाहीत. समजूत घालतात तसं सांगू लागले. तिकडं आपल्याला कोण ओळखतं, नव्या राज्यात पाय ठेवायला जागा करून घ्यावी लागते, गाडी काय, दुसरी बनवू. एकदा मी बसलो की तुला सहा महिन्यांत बोलावून घेतो. मी विचारलं, “आणि युसूफभाई? ते पोतं घेऊन सोलापुरात फिरतायत.”

दादांनी पँटवरची नसलेली धूळ झटकली. “येतील की परत,” ते म्हणाले.

मला आणखी एक विचारायचं होतं. तुम्ही जाणार होता तर आम्हाला राहा कामून म्हणालात? पण मी तसाच उठून घरी आलो. नंतर ऑफिसात लोक म्हणायचे की तिकडच्या जागा मोजक्या होत्या, सगळेच गेले असते तर दादांचा नंबर खाली गेला असता, म्हणून त्यांनी कितीतरी जणांना राहा म्हणून पटवलं. हे खरं असेल असं मला वाटत नाही. खोटं आहे असंही छातीठोक सांगता येत नाही.

युसूफभाई परत आले ते पोतं घेऊनच. स्टेशनवरून हमालाच्या गाडीवर ते धूड शेडपर्यंत आणलेलं. गल्लीत पिंपळ नव्हता, निळं फाटक नव्हतं. त्यांनी सोलापुरातलं एकेक गॅरेज धुंडाळलं होतं, मोरपिशी गाडी पाहिली का म्हणून विचारत. माझ्याजवळ म्हणाले की आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली असणार, रावसाबकडून, म्हणजे दादांकडून, पत्ता पुन्हा नीट समजून घेतो. मग मी त्यांना सगळं सांगितलं. सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

ते पोत्याच्या गाठीशी बसले. गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटली नाही, तेव्हा सोडून दिली. मग म्हणाले, “मेरेकू पूछता तो मैं ना बोलता था क्या?”

एवढंच. पुढं ते वीस-बावीस वर्षं जगले, पण दादांबद्दल त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य मी ऐकलं नाही. मेहुण्यानं तोवर दुसरा भागीदार घेतला होता. युसूफभाई त्याच शेडमध्ये सायकलरिक्षा आणि पुढं ऑटो दुरुस्त करत राहिले. आजीबाई मागं उभी राहून गंजली.

दादा काचीगुड्याहून मनमाडच्या गाडीनं गेले तेव्हा खात्यातली पुष्कळ माणसं हार घेऊन स्टेशनवर गेली होती. मी गेलो नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं, बोलावणं आलं नाही. वडील वाट बघत गेले. मी तेलुगू शिकलो, त्या भाषेत शेरे वाचायला लागलो, चांगलं काम केलं, रीतसर निवृत्त झालो. तक्रार करावी असं आयुष्य झालं नाही. मुलं इथंच वाढली. घरात मराठी बोलतात, त्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ आणि तेलुगू शब्द मिसळून. नातवंडांना मराठी वाचताना बोट ठेवावं लागतं. हे लिहितोय ते त्यांच्यापैकी कुणी वाचेल असं नाही.

निवृत्तीनंतर एकदा बायकोच्या भाचीच्या लग्नाला औरंगाबादला गेलो. मांडवात एका कोपऱ्यात पाचसहा तरुण पोरं एका म्हाताऱ्या गृहस्थांभोवती खुर्च्या ओढून बसली होती. पांढरे कपडे, पांढरे केस, ताठ बसणं. आवाजावरून मी ओळखलं. शामीरपेठची शर्यत चालली होती. मेजर, धूळ, मोरपिशी नाक, सगळं जसंच्या तसं. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मी मागं उभा राहून गोष्टीच्या शेवटाची वाट पाहत होतो. मेजरनं हात पुढं केला आणि दादांनी तो हातात घेतला. तिथंच गोष्ट संपली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. उठले, दोन्ही हातांनी मला जवळ ओढलं, वसंता वसंता म्हणत डोळ्यांत पाणी आणलं. ते पाणी खरं होतं. हाताला धरून मला मांडवाबाहेर सावलीत नेलं. वहिनी जाऊन दोन वर्षं झाल्याचं सांगितलं. बिजलीचं विचारलं तर म्हणाले की साहेबांनी दोनचार वर्षांत कुणाला तरी देऊन टाकली, पुढं ठाऊक नाही. मग इकडंतिकडं बघून विचारलं, “युसूफभाई?”

“गेले. बरीच वर्षं झाली.”

“माझं काही म्हणायचे का?”

“नाही. कधीच नाही.”

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला समजलं नाही. मग इतकी वर्षं विचारायचं राहून गेलेलं ते मी विचारलं. शांतपणेच. म्हटलं, “दादा, तुम्ही आम्हाला राहा म्हणालात. तुमच्या शब्दावर आम्ही दोघं राहिलो. तसं कामून म्हणालात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कसलीही लपवाछपवी नव्हती. त्यांनी नीट आठवून पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, मलाच धीर देत असल्यासारखे म्हणाले, “मी? मी तर कुणालाच राहा म्हटलं नव्हतं, वसंता. तुमचा तुम्हीच निर्णय घेतला होता.”

मी वाद घातला नाही. जेवणाची पंगत बसत होती, पण मी बायकोला सांगून तसाच बाहेर पडलो आणि कोपऱ्यावर रिक्षा केली. रिक्षा वळताना मागं पाहिलं. मांडवासमोरच्या अरुंद बोळात एका पाहुण्याची मोटार अडकली होती, आणि ती मागं काढायला अंबादासराव पुढं झाले होते. पांढऱ्या कपड्यांत, गाडीच्या मागं उभे राहून, एकेक पाऊल मागं टाकत ते हातानं खुणा करत होते, येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडं, आता सरळ. चेहऱ्यावर इतका आनंद होता. आणि तो अनोळखी माणूस एकदाही स्वतः मान वळवून न बघता, आरशातल्या त्यांच्या हाताकडे बघत, गाडी मागं घेत होता.